नवमीच्या सकाळची डिलिव्हरी

"मॅडम, हे मॉडेल दोन महिन्यांत जुनं होणार. मग रिसेलला कोण विचारणार याला?" निलेश भोईरने मोबाईल माझ्यासमोर धरला. स्क्रीनवर आमच्याच कंपनीच्या येणाऱ्या गाडीचे फोटो होते.

मी हसले. दुसरं काय करणार? तो खरं बोलत होता.

उल्हासनगरच्या एका कार शोरूममध्ये मी सेल्स टीम लीडर आहे. पितृपक्ष चालू होता. या पंधरवड्यात आमच्याकडे चिटपाखरू फिरकत नाही. एसी चालू, कॉफी मशीन चालू आणि सगळी टीम दाराकडे डोळे लावून बसलेली. लोक येतात ते थेट घटस्थापनेला. अशात बदलापूरचे भोईरकाका मुलाला घेऊन आले. साठीचा माणूस, गावात भाजीचा मळा. निलेश अंबरनाथला एमआयडीसीत नोकरीला. मला वाटलं, काका पक्के आहेत, मंदी बघून भाव पाडायला आलेत.

आता निलेश म्हणत होता ते काय, ते सांगते. गाडीचे पुढचे दिवे, जाळी, आतला स्क्रीन बदलून कंपनी तीच गाडी नवीन म्हणून आणते. याला फेसलिफ्ट म्हणतात. ते यायच्या आधी जुना स्टॉक संपवावा लागतो, कारण यार्डात उभी असलेली प्रत्येक गाडी आम्ही कर्जावर घेतलेली असते आणि ती उभ्या उभ्या व्याज खाते. म्हणून सूट. पण फेसलिफ्ट आलं की जुन्या चेहऱ्याच्या गाडीचा रिसेल, म्हणजे पुढे विकतानाचा भाव, धाडकन पडतो. तीन-चार वर्षांत गाडी बदलणाऱ्याने अशा सवलतीला भुलू नये. दहा-बारा वर्षं वापरणाऱ्याने खुशाल घ्यावी.

म्हणून मी विचारलं, "काका, किती वर्षं ठेवणार गाडी?"

"ता मागाहून बघू. तू तुजा आकडा बोल, बाय."

मी पंचवीस हजार सूट सांगितली, वर मॅट आणि सीट कव्हर फुकट.

"मॅट राहू दे. पोरगा बोलतो ते बराबर हाय का नाय? नवीन आली का ही पडणार. मंग ते नुकसान माज्या डोक्यावर कशाला? आताच काप ना."

तिथून दोन तास आमची जुंपली. मी ऑन-रोड किंमत, म्हणजे टॅक्स आणि इन्शुरन्स धरून होणारी किंमत, पुन्हा पुन्हा फोडून सांगत होते. काका दर वेळी फिरून रिसेलवर येत होते. दोनदा उठून दारापर्यंत गेले. दुसऱ्यांदा मी मॅनेजर लालवानी सरांच्या केबिनमध्ये शिरले.

"सर, सत्तर मागतायत."

"साठ पे छोड़ दो, मॅडम. श्राद्ध में और कौन आनेवाला है?"

साठ हजारांवर सौदा ठरला. निलेश अजून कुरकुरत होता, "पप्पा, दिवाळीपर्यंत थांबू ना. घ्यायचीच तर नवीन घेऊ." काकांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बुकिंगचा चेक माझ्या हातात दिला, चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, "नवमीला सकाळी गाडी पायजे."

मी दचकलेच. "काका, पंधरवड्यात कोणी डिलिव्हरी घेत नाही हो. घटस्थापनेला देते. हार, पेढे, सगळं करू."

"नवमीलाच. निलेशची आय दोन वर्सांपूर्वी गेली. तिची नवमी हाय."

नवऱ्याच्या आधी, सवाष्ण गेलेल्या बाईचं श्राद्ध अविधवा नवमीला करतात. माझ्या आजीचं आम्हीही करतो.

"या दिवसांत माणसा घरी येतात बोलतात," काका म्हणाले. "ती आली तं गाडी दारात दिसू दे. जलमभर भाजीच्या टोपल्या घेवून टेम्पोत मागं बसली. आपली गाडी आली का पुढं बसेन, बोलायची."

निलेशने मोबाईल टेबलावर पालथा ठेवला. मी कॅलेंडर बघितलं, हातात पाच दिवस होते.

"मग रिसेलवरून माझं डोकं कशाला खाल्लंत?"

"भाव पाडाया. मना कुठं इकायचीय?"

लालवानी सर ऐकेनात. "मॅडम, कल को घर में कुछ हो गया तो बोलेंगे, शोरूमने श्राद्ध में गाडी दी." मी म्हटलं, मी बघते. पुढचे दिवस कल्याणच्या आरटीओ एजंटला फोन करण्यात गेले. टॅक्स भरला, नंबर पडला, पण नंबरप्लेट काही येईना, आणि प्लेटशिवाय गाडी बाहेर काढता येत नाही. शेवटी अष्टमीच्या संध्याकाळी आली. मी उभी राहून बसवून घेतली.

नवमीला सकाळी काका धुतलेल्या पांढऱ्या शर्टात आले. एरवी आम्ही गाडीवर लाल कापड टाकतो, केक कापतो, टाळ्या वाजवतो. त्यांनी यातलं काही करू दिलं नाही. पिशवीतून अबोलीचा गजरा काढला आणि पुढच्या डाव्या सीटवर ठेवला. निलेशने ते दार उघडलं, गजरा बघितला, दार हळूच लावलं आणि मागे जाऊन बसला.

मी खिडकीशी वाकले. "काका, पहिल्याच दिवशी सांगायचं ना. तेव्हाच धावपळ सुरू केली असती."

"आनि साठ दिलं असतंस?"

मी हसले. काकाही हसले आणि गाडी बदलापूरच्या रस्त्याला लागली.

दिवाळीनंतर फेसलिफ्ट आलं. जुन्या मॉडेलचा रिसेल पडला, निलेश म्हणाला होता तसाच. काका सर्व्हिसिंगला येतात तेव्हा गाडी चकाचक असते आणि डावी सीट अजून नव्यासारखी आहे.

साठ मी दिले नसते. ज्याला तारीख गाठायची आहे त्याला आम्ही जास्त सूट देत नाही, पंचवीसवरच धरून ठेवलं असतं. तेव्हा गाडी घ्यायला जाल तेव्हा रिसेल, रंग, मायलेज, वाटेल त्यावरून भांडा. गाडी कधी हवी आहे, तेवढं मात्र आकडा ठरल्यावर सांगा.