देवाच्या रुपयाला चिंच नको

"रुपया बोलस. आपन फक्त आयकानं."

एवढं बोलून नाना नाणं अंगठ्यावरून उडवायचे आणि फरशीकडे कान लावायचे. दोंडाईच्यात माझं भांड्यांचं दुकान. सराफाकडची नोकरी सुटल्यापासून नाना माझ्याच ओट्यावर बसत. गिऱ्हाईक पातेली सोडून त्यांच्याकडे बघत राही आणि मी आपला झटकणी घेऊन उभा. बोलणार काय, कप्पाळ?

नाणं खणखणलं तर खरं, थडकन् पडलं तर खोटं. निकाल ते कधी गोड करून सांगत नसत. मोबाईलवर जुन्या नाण्यांचे व्हिडिओ बघून लखपती व्हायला निघालेले लोक रोज येत. एकाने ऑनलाइन मागवलेलं 'शिवकालीन' नाणं आणलं. नानांनी जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक पुढे केलं, नाणं टुणकन जाऊन चिकटलं.

"देख, कसं प्रेममा पडनं!"

तो बिचारा जाताना एक तवा घेऊन गेला, तेवढाच माझा फायदा.

शिंदखेड्याच्या एका बाईंनी माळेतला राणीछाप रुपया दाखवला. त्याला ओवण्यासाठी कडी डाकलेली. नाना म्हणाले, "चांदी खरी शे, पन याले नाक टोचेल शे. इकू नको, गयामा घाल."

मुलाम्याचा संशय आला की मात्र चिंच. घासली की वरची चांदी जाते आणि खालचं तांबं दिसतं. अख्ख्या बाजाराला हा उपाय सांगणारे नाना घरी काय करत, ऐका.

एका धनत्रयोदशीला मी त्यांच्याकडे गेलो. अक्का, म्हणजे त्यांची बायको, चिंचेने देव घासत होत्या. देव्हाऱ्यातल्या रुपयाला त्यांनी हात लावला मात्र, नाना ओरडले, "देवना रुपयाले चिंच लावानी नही!"

हा रुपया अक्कांच्या वडिलांनी लग्नात जावयाला दिलेला. गरिबीतही बापाने चांदी दिली, हे अक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगत.

बाहेर पडल्यावर मी नानांना खोदून विचारलं. चप्पल घालता घालता म्हणाले, "लगीनमा ताटमा पडना, तवयच आयकं. सासरासले बी कोनीतरी फसाडं व्हई. पन तिले सांगू नको."

गावभराची तोंडं उतरवणारा हा माणूस! मी हसलो आणि मान डोलावली.

मागच्या उन्हाळ्यात नाना गेले. दिवाळीला ओरडायला कोणी उरलं नाही, अक्कांनी देवांबरोबर रुपयाही घासला. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन त्यांनी तो माझ्यापुढे आपटला. एका बाजूने लालभडक तांबं.

"मन्हा बापना रुपया इकी खादा त्यासनी! आनि खोटा ठी दिना देवमा!"

रागातही आदराचं 'त्यासनी'च. डोळ्यांना पदर लावून रडत होत्या. मी एक वाक्य बोललो असतो तर नाना सुटले असते आणि अक्कांचा बाप अडकला असता. ते वाक्य अगदी जिभेवर आलं होतं, शपथ.

"अक्का, नाना असं करणार नाहीत हो," एवढंच म्हणालो.

"तुले काय माहीत!"

परवा त्यांच्या घरी गेलो. रुपया देव्हाऱ्यातून हलवून नानांच्या हार घातलेल्या फोटोपुढे ठेवलाय.

"आठेच ठेवसू," अक्का म्हणाल्या. "रोज देखू दे त्यासले."

बोलता बोलता सवयीने त्याला कुंकू लावायला गेल्या. रुपया हातातून निसटला आणि फरशीवर थडकन् पडला.

"आयकं का?" अक्का फोटोला म्हणाल्या.