बातमीपत्रात न आलेली बातमी

ऑस्ट्रेलियाच्या प्रवासातला पहिला पाऊण तास माझा मानकोली नाक्यावर गेला. पुढे कंटेनर, मागे कंटेनर आणि मधे आमची भाड्याची सुमो. श्रावणातल्या पावसाने रस्त्यात खड्डे की खड्ड्यांत रस्ता, ते कळेनासं झालेलं. मागच्या सीटवर सासूबाई होत्या. त्यांनी विमानतळापर्यंत येण्याचा हट्ट धरला होता. “तथं मासली मिलंल का न्हाय कोनाला ठाव,” असं म्हणत त्यांनी सुकटीची पुरचुंडी माझ्या बॅगेत स्वतःच्या हाताने कोंबली होती.

मी भिवंडीतल्या एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. बावीस वर्षं नकाशावर काठी ठेवून ‘हा गव्हाचा पट्टा, हा मेंढपाळीचा प्रदेश’ असं सांगत आले. तो प्रदेश कधी डोळ्यांनी दिसेल असं वाटलं नव्हतं. पण आमच्या शाळेची बिलागुरा नावाच्या एका लहान गावातल्या हायस्कूलशी पत्रमैत्री होती, आणि शिक्षकांच्या देवाणघेवाणीच्या एका योजनेत माझं नाव लागलं. तीन आठवडे.

ही पत्रमैत्री टिकली ती तिथल्या बातमीपत्रामुळे. दर पंधरा दिवसांनी, गुरुवारी, ती शाळा चार पानांचं बातमीपत्र काढायची आणि ई-मेलने आम्हालाही पाठवायची. कल्याण नाक्याजवळच्या सायबर कॅफेत मी त्याची प्रिंट काढून नववीच्या वर्गात मराठी करून वाचायची. त्यात मोठं काही नसे. कोणाचा निळा स्वेटर सापडला, कोणाच्या आजोबांचं निधन झालं, टाकीत पाणी कमी आहे तेव्हा नळ नीट बंद करा. पण मुलींना त्याची चटक लागली होती. त्यातही सगळ्यांना आवडायच्या त्या शाळेची बस चालवणाऱ्या लिनबाई. त्या एकदा रस्ता ओलांडणाऱ्या सरड्यासाठी बस थांबवून बसल्या आणि सगळ्या मुलांचा पहिला तास बुडाला, ही बातमी मला वर्गात तीनदा वाचावी लागली होती.

लिनबाईंची मुलगी केटी ही आमच्या दीपालीची पत्रमैत्रीण. दीपालीचं घर मूळचं अंबाडीच्या पुढचं, शेतकऱ्याचं. आई दापोड्याच्या एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला जाते. पोरगी अबोल, पण केटीला पानंच्या पानं लिहायची. शेवटी एक ठरलेला प्रश्न असायचा, ‘या आठवड्यात तुझ्या आईने कोणासाठी बस थांबवली?’

एप्रिलपासून केटीची पत्रं बंद झाली. मी निघायच्या आदल्या दिवशी दीपाली स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली.

“बाई, माझं चुकलंय. मी तिला लिहिलं, की तुझी आई बस चालवते हे ऐकून माझे पप्पा हसले. तिला राग आला असणार.”

“एवढ्यानं कोणी रागावतं का?”

“मग लिहीत का न्हाय ती? तुम्ही तिला माझं सॉरी सांगाल?”

सांगेन म्हणाले. माझ्या सामानात सुकटीबरोबर हेही निघालं.

सुकट सिडनीच्या विमानतळावरच गेली. तिथल्या अधिकाऱ्याने पुरचुंडी उघडली, वास घेतला आणि दोन पावलं मागे सरकला. मग अतिशय अदबीने त्याने ती एका पिवळ्या डब्यात टाकली. “घरच्यांनी दिली होती का?” त्याने विचारलं. मी मान हलवली. “माझ्या आईची सॉसेजंही मी इथेच टाकली आहेत,” तो म्हणाला.

सिडनीहून बिलागुरा बसने नऊ तासांवर. पहिले दोन तास डोंगर आणि झाडी, मग जमीन जी सपाट झाली ती झालीच. सलग काही वर्षं पाऊस नव्हता. गहू वीतभर उगवून थांबला होता. पॅडॉक (कुंपण घातलेलं शेत) मागून पॅडॉक जात होते, मेंढ्या मातीच्या रंगाच्या झाल्या होत्या. मी भिवंडीच्या चिखलातून आलेले, चपलेला तो अजून चिकटलेला होता आणि इथे माणसं आकाशाकडे बघायचंही सोडून बसली होती. धड्यात मी ‘अवर्षण’ हा शब्द शंभर वेळा फळ्यावर लिहिला असेल. तो असा दिसतो हे मला माहीत नव्हतं.

उतरून घ्यायला जोन आली होती. शाळेची कारकून, साठीला आलेली, उंच, पुरुषी आवाजाची. बातमीपत्र तीच काढायची आणि माझी सोयही तिच्याच घरी होती. तिने आल्या आल्या मला लोकरीचा कोट घातला, कारण तिथे ऑगस्ट म्हणजे ऐन थंडी. रात्रीच्या जेवणात मटणाचा भलामोठा तुकडा होता. मटण सुरेख शिजलेलं, मसाल्याचा पत्ता नाही. मी पर्समधली मिरचीपूड हळूच काढली तर जोन म्हणाली, “मलाही दे.” ठसक्याने तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी तिने दुसऱ्यांदा मागितली.

शाळेत एकूण मुलं आमच्या दोन तुकड्यांएवढी. मी पहिल्या दिवशी त्यांना भिवंडीचे लूम सांगितले. दिवसरात्र शिफ्ट चालतात आणि आवाज थांबला की लोकांना झोपेतून जाग येते, हे ऐकून मुलं हसली. शेवटच्या बाकावर एक लाल केसांची मुलगी होती, ती हसली नाही. जोनने नंतर सांगितलं, तीच केटी. मी तिला शोधत गेले, तोवर ती निघून गेली होती. दुसऱ्या दिवशीही तसंच. मी व्हरांड्याच्या एका टोकाने आले की ती दुसऱ्या टोकाने जायची. दीपालीची शंका मला खरी वाटू लागली.

गुरुवारी बातमीपत्राच्या घड्या घालायचं काम असतं. ऑफिसातल्या मोठ्या टेबलाभोवती जोन, मी आणि मधे कागदांचा ढीग. खायला लॅमिंग्टन (चॉकलेटात बुडवून खोबऱ्याच्या किसात घोळवलेला केक). या अंकात माझ्या येण्याची बातमी होती. घड्या घालता घालता मी सहज विचारलं, “लिनबाई कशा आहेत? त्यांच्या बसमधून एकदा जायचंय मला.”

जोनचे हात थांबले.

“लिन एप्रिलमध्ये गेली,” ती म्हणाली. “रक्ताचा आजार. तीन आठवड्यांत संपलं सगळं.”

मग मी विचारलं, “पण तुमच्या बातमीपत्रात तर काहीच...”

“इथे छापायची गरजच नव्हती, गावात प्रत्येकाला माहीत होतं. तरी मी चार ओळी लिहिल्या होत्या. केटी ऑफिसात आली आणि म्हणाली, छापू नकोस. मी विचारलं, का? तर म्हणाली, हे इंडियाला जातं.” जोनने खिडकीबाहेर पाहिलं. “मी तेवीस वर्षं हे काढते आहे. एवढी एकच बातमी मी गाळली.”

त्या दिवशी शाळा सुटल्यावर केटी स्वतःहून माझ्याकडे आली. जोनने तिला सांगितलं असावं. आम्ही मैदानाच्या कडेला एका निलगिरीखाली बसलो. मैदानावर गवताची काडी नव्हती, नुसती लाल माती. तिचं बोलणं इंग्रजीत होतं, भराभर आणि अर्धं गिळलेलं. जेवढं समजलं तेवढं लिहिते.

मी आधी निरोप सांगितला. “दीपालीला वाटतं तू तिच्यावर रागावलीस. तिचे वडील हसले म्हणून. तिने सॉरी सांगायला सांगितलंय.”

केटीने दचकून माझ्याकडे पाहिलं. “नाही, नाही. ते पत्र आलं तेव्हा आई दवाखान्यात होती. मी तिला वाचून दाखवलं. ती इतकी हसली की नर्स बघायला आली.”

“मग लिहीत का नाहीस?”

ती बराच वेळ बुटाच्या टोकाने माती उकरत राहिली. “आई गेल्यावर तिचं अजून एक पत्र आलं. शेवटी तेच. या आठवड्यात तुझ्या आईने कोणासाठी बस थांबवली? इथे सगळे माझ्याकडे बघतात आणि हळू आवाजात बोलतात. तिथे ती अजून बस चालवत होती. मी लिहिलं असतं तर तिथेही...” तिने मान वर केली. “तुम्ही तिला सांगू नका. प्लीज.”

मी लगेच शब्द दिला नाही. माझे वडील मी दहावीत असताना गेले आणि मीही कितीतरी दिवस गावाबाहेरच्या माणसाने विचारलं तर ‘बाबा कामासाठी वाडा गावाला गेलेत’ असं सांगायची. हे मी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं, तिला सांगितलं. शेवटी मी एवढंच म्हणाले, “मी सांगणार नाही. पण तिकडे ती पोरगी चार महिने स्वतःला दोष देते आहे. तिला काय उत्तर देऊ, ते तूच मला सांग.”

पुढचे दहा-बारा दिवस केटी याबद्दल काही बोलली नाही. मात्र व्हरांड्यातून पळायची थांबली. एकदा तिने मला मेंढ्यांची लोकर कातरणारे दाखवले, एकदा गावचं धान्याचं कोठार. त्याच्या पायथ्याशी आम्ही चहा प्यायलो. मी शाळेच्या बसनेही जाऊन आले. नवे चालक डॉयल नावाचे निवृत्त गृहस्थ होते. ते वेळेचे इतके पक्के, की एकदा मी धावत येताना दिसूनही त्यांनी दार लावलं आणि मला शाळेपर्यंतची अडीच किलोमीटरची वाट पायी चालावी लागली.

निघायला दोन दिवस उरले असताना केटी ऑफिसात येऊन म्हणाली, “मला पत्रात लिहिता येत नाहीये. चार वेळा लिहिलं. फोन करता येईल?”

जोनने शाळेच्या फोनवरून करायला लगेच होकार दिला. मी आदल्या दिवशी भिवंडीला कळवून ठेवलं. बिलागुरातले दुपारचे दोन म्हणजे आपले सकाळचे साडेनऊ. फोन लागला तेव्हा जोनने स्पीकरचं बटण दाबलं. आमच्या ऑफिसातला पंखा खडखडतो तो आवाज थेट बिलागुरात ऐकू आला.

“हॅलो, दीपाली स्पीकिंग.” पोरीने पाठ केलेलं असणार.

“हाय दीपाली. धिस इज केटी.”

चार वर्षं पत्रं लिहिलेल्या मुली पहिल्यांदा एकमेकींचा आवाज ऐकत होत्या. केटीने टेबलाची कड पकडली आणि म्हणाली, “माय मम पास्ड.”

तिकडे मरण सौम्यपणे सांगायचं तर असं म्हणतात. दीपालीला ते कुठून ठाऊक असणार? ती आनंदाने म्हणाली, “पास? व्हेरी गुड! व्हिच एक्झाम?”

जोनने तोंडावर हात ठेवला. मी पुढे होणार तोच केटी हसली. आधी नाकातून, मग मोठ्याने, आणि हसता हसता ती रडू लागली. रडतच तिने साधा शब्द वापरला, दीपालीला समजेल असा.

पलीकडे फक्त पंख्याचा आवाज. मग दीपालीचा, मराठीत. तिचं इंग्रजी संपलं होतं.

“बाई, तुम्ही आहात का तिथं?”

“आहे ग.”

“तिला विचारा, आता बस कोण चालवतं?”

मी विचारलं. केटीने नाक पुसलं. “मिस्टर डॉयल. ते कोणासाठीच थांबत नाहीत. आई तर एकदा...” आणि ती बोलू लागली. आईने मेंढीच्या पिल्लाला बसमध्ये कसं घेतलं, पावसाचा एक थेंब काचेवर पडला तेव्हा बस थांबवून सगळ्यांना खाली कसं उतरवलं. मी एकेक वाक्य मराठी करून पुढे देत होते. जोन माझ्या कानाशी म्हणाली, “चार महिन्यांत आईबद्दल पहिल्यांदाच बोलतेय.” घंटा होऊन गेली तरी कोणी केटीला वर्गात जा म्हणालं नाही.

परतीचा प्रवास निर्विघ्न झाला. मानकोलीला पुन्हा अर्धा तास, सासूबाईंना सुकटीचं सांगितलं नाही.

शाळेत रुजू झाले त्याच दिवशी दुपारी दीपालीची आई आली. तिला मी पालकसभेलाही कधी पाहिलेली नव्हती. गोडाऊनचा निळा एप्रन साडीवर तसाच, डोक्यावरून पदर. बाकावर बसायला सांगितलं तर ती जमिनीवर टेकली.

“आमची पोर दोन दीस धड जेवली न्हाय, बाई. तिची तिकडली मैतरीन हाय ना, तिची आई वारली म्हनं.”

“हो. एप्रिलमध्ये.”

“बाप हाय?”

“आहे. मोठा भाऊही आहे.”

तिच्या हातात केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी होतं, ते तिने माझ्या टेबलावर ठेवलं. तांदळाच्या भाकऱ्या होत्या. दुखवट्याच्या घरी पहिले दिवस चूल पेटत नाही, म्हणून आपल्याकडे शेजारपाजारचे घेऊन जातात तशा.

“मला ठाव हाय, तिथवर जायाच्या न्हाईत,” ती म्हणाली. “पन मोकल्या हातानं कसं यायचं? तुमी तिकडं जाऊन आलाव, म्हनून तुमच्याकडं आले. आज हाफ ड्युटी टाकली.”

“केटीला पत्र लिहू का तुमच्याकडून?”

“लिवा.”

मी कागद घेतला. “काय लिहू?”

खाली मैदानावर मुलींचा गलका चालला होता, कोपऱ्यावरच्या कारखान्यात लूम सुरू होते.

“म्या काय सांगू? मला त्यातलं कलत न्हाय. शिकलेलं काय असंल ते तुमी लिवा,” ती उठता उठता म्हणाली. “मी भेटायला आलती, यवढं मातर लिवा.”

नकाशावर भिवंडी ते बिलागुरा हे अंतर मी मुलींकडून सूत्राने काढून घेते. ते उत्तर चूक नाही. पण त्या दुपारी ती बाई एप्रनला हात पुसत जिना उतरून गेली, तेव्हा मला वाटलं, अंतर ती कापून आली होती, मी नुसती जाऊन आले होते. भाकऱ्या मी आणि दीपालीने मधल्या सुट्टीत खाल्ल्या. मग पत्र लिहायला बसले आणि पहिली ओळ त्या माउलीचीच घातली.