आगारीचा घास

सुरुवातीलाच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. मी जळगावला ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी दाराला लिंबू-मिरची टांगली तरी मी चार शब्द सुनावून येते. इथे लोक लिहितात ते अनुभव वाचून मी हसतच आले आहे. आज मीच लिहायला बसलेय… तर हसा खुशाल, पण शेवटपर्यंत वाचून मग हसा.

गोष्ट माझ्या भाचीची, रेवाची. माझी मोठी बहीण धुळ्याला दिलेली, देवपुरात घर आहे त्यांचं. रेवा दहावीपर्यंत तिथे इंग्लिश मीडियमला होती, अकरावीला माझ्याकडे जळगावला आली. लहानपणापासून अंगाने भरलेली, गोबऱ्या गालांची. दाजी, म्हणजे तिचे पप्पा, तिला लाडाने 'बट्टी' म्हणायचे. वरणासोबत आपण खातो ती, तळलेली, फुगीर. त्यांचं ऐकून सगळी गल्ली म्हणायला लागली. पाहुणे आले की "खात्यापित्या घरची दिसते पोरगी" हे वाक्य ठरलेलं. ती हसून घ्यायची. हसते म्हणजे तिला चालतंय, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. सोयीचं असतं ना ते.

माझ्याकडे आल्यावर आधी तिचा भात सुटला, मग भाकरी. मग "मैत्रिणीकडे खाऊन आले, मावशी" सुरू झालं. मोबाईलवर बघावं तेव्हा सपाट पोटाच्या मुली. दिवाळीला धुळ्याला गेली तर जो तो म्हणे, "अगं किती छान दिसतेस, काय केलंस?" आयुष्यात पहिल्यांदा तिच्या दिसण्याचं कौतुक झालं, आणि ते उपाशी राहिल्याबद्दल. मग काय, ती थांबते कशाला!

केस मुठीने गळायला लागले. पाळी बंद झाली. प्रॅक्टिकल चालू असताना लॅबमध्ये चक्कर येऊन पडली. जळगावचा एप्रिल ज्यांना माहीत आहे त्यांना सांगते, त्या उन्हाळ्यात ही पोरगी स्वेटर घालून बसायची. मी तिला मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, हा आजार आहे, हट्ट नाही. हृदयावर ताण आलाय. घरच्यांनी उपचारात साथ दिली नाही तर जीव जाऊ शकतो.

मी धुळ्याला फोन केला. बहीण रडली. दाजी म्हणाले, "थेरं आहेत सगळी. आखाजीला घेऊन या, आई भरवेल हाताने." त्यांच्या शेजारच्या काकूंचं निदान तयारच होतं, नजर लागलीय. रेवाने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "पप्पा, मला बट्टी म्हणत जाऊ नका ना, प्लीज." तिकडून दाजी हसले. "आता कुठली बट्टी? आता तर काडी झालीस." मी शेजारीच उभी होते. तो फोन भिंतीवर आपटावासा वाटला मला.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी मी तिला घेऊन धुळ्याला गेले. सणाचं घर, पुरण शिजतंय, कुरडया तळल्या जातायत, आमरसाचं पातेलं भरलंय. आखाजीला आपल्याकडे पितरांना जेवू घालतात, सगळ्यांना माहीत आहे. निखाऱ्यावर तुपात भिजवलेला घास टाकायचा, गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं, ती आगारी. आता घरात गॅस, म्हणून मागच्या टाइल्सच्या ओट्यावर लोखंडी घमेल्यात गोवऱ्या पेटवल्या होत्या. भर दुपार. घमेल्यासमोर पाटावर दाजी आणि त्यांच्या आई. त्यांना सगळे अक्का म्हणतात. मी आणि बहीण मागे उभ्या, शेजारच्या काकूही होत्या. रेवा स्वयंपाकघराच्या दाराला टेकलेली, स्वेटर घालून.

अक्का एकेकाचं नाव घेत होत्या, दाजी घास टाकत होते. आजेसासरे, सासू-सासरे, नवरा, लांबचे कोण कोण. मला मनातून संताप येत होता. मेलेल्यांना तूप कमी पडू नये म्हणून धडपड चाललीय, आणि जिवंत पोरगी दाराच्या आधाराने उभी आहे तिच्याकडे कुणी बघत नाही. नावं संपली. दाजी हात धुवायला उठणार, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"भाऊ, मना घास कोठे शे?"

माझा घास कुठे आहे. रेवा बोलली होती. आवाज तिचाच होता, घोगरा-बिगरा काही नाही. पण ती अहिराणी बोलत नाही. अक्कांचं बोलणं तिला कळायचं, उत्तर मात्र ती कायम मराठीत नाहीतर इंग्लिशमध्ये द्यायची. आणि 'भाऊ'? जन्मल्यापासून ती त्यांना पप्पा म्हणते. त्या घरात दाजींना भाऊ म्हणणारं कुणीच नव्हतं.

दाजींच्या हातातला तांब्या खाली पडला. अक्का मागे न बघता म्हणाल्या, "मंदा शे."

बहीण माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे. दाजी परत पाटावर बसले. पुरणपोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला, आणि तोंडातून नाव निघेना. शेवटी "मंदा" म्हणाले आणि घास टाकला. निखारा भपकन पेटला. तूप पडलं की पेटणारच, त्यात मला चमत्कार दिसत नाही. रेवा मात्र दारातच खाली बसली होती. मी धरलं तर म्हणाली, "मावशी, पप्पा का रडतायत?" तिला काही आठवत नव्हतं.

अक्कांनी त्याच दुपारी सांगितलं. मंदा ही दाजींची धाकटी बहीण. बघायला आलेले पाहुणे "मुलगी जाड आहे" म्हणून उठून गेले. मग घरातच तिच्या ताटातली भाकरी अर्धी झाली. मग तिनेच उरलेली अर्धी सोडली. नंतर घरचे हातापाया पडले तरी तिला खाता येईना. वारली, तेव्हा लोकांना कावीळ सांगितली. लग्न न झालेल्या पोरीचं नाव आगारीत घ्यायचं नाही अशी त्या घरची रीत, म्हणून नावही गेलं. माझ्या बहिणीलाही इतकंच माहीत होतं, एक नणंद होती, काविळीने गेली.

"आणि तिला बट्टी कोण म्हणायचं?" मी विचारलं. कसं सुचलं, देव जाणे.

अक्कांनी दाजींकडे बघितलं. दाजी म्हणाले, "मीच. तिची आठवण म्हणून पोरीला म्हणायचो."

आठवण! काय बोलणार या माणसांना?

मी नंतर सगळ्यांना खोदून विचारलं. डॉक्टर म्हणाले, लहानपणी काहीतरी कानावर पडलं असेल, इतकं उपाशी मन काहीही वर काढतं. असेलही. पण कुणाकडून पडलं? खरं जाणणारी दोनच माणसं, आणि दोघांनी तोंड शिवून ठेवलेलं.

शेजारच्या काकूंनी लगेच पसरवलं, मंदा लागली होती. एका भगताचा पत्ताही दिला. भूत बरं असतं हो, सगळं त्याच्या माथी मारून मोकळं होता येतं. दाजी मात्र भगताकडे गेले नाहीत. पुढच्याच आठवड्यात स्वतः जळगावला आले आणि डॉक्टरांसमोर खाली मान घालून बसले. तेव्हापासून दर वेळी येतात. रेवा खाते आता. काही दिवस बरे जातात, काही दिवस ताटाकडे बघून रडते.

या आखाजीला अक्कांनी पहिलं नाव मंदाचं घेतलं. मग सगळे जेवायला बसलो. रेवाच्या ताटात एक पुरणपोळी होती, त्यातली अर्धी संपत आली होती. तेवढ्यात शेजारच्या काकू कौतुकाने म्हणाल्या, "भरलीस गं आता. जपून हं, परत बट्टी व्हायचीस."

रेवाचा हात तोंडाशी जाता जाता थांबला. दाजींनी आपलं ताट बाजूला सारलं आणि शांतपणे म्हणाले, "काकू, या शब्दाने माझ्या घरातली एक पोरगी गेलीय." काकू गोऱ्यामोऱ्या झाल्या. रेवाने बऱ्याच वेळाने तो घास खाल्ला, उरलेली पोळी तशीच ठेवून उठली.

त्या दुपारी तिच्या तोंडून कोण बोललं, मला आजही माहीत नाही. केमिस्ट्रीत त्याचं उत्तर नाही आणि भगताकडेही नसणार. मला राग वेगळ्याच गोष्टीचा येतो. जिवंत पोरगी फोनवर 'प्लीज' म्हणून सांगत होती, ते कुणी ऐकलं नाही. मेलेलीचं मात्र एका वाक्यात ऐकलं.