रुमालाबाहेरचा भाव

उज्वला मोठ्यानं बोलते, अशी आमच्या नेरूळच्या सोसायटीत तिची ख्याती आहे. ती खाली टँकरवाल्याशी बोलत असली तरी मला वरच्या मजल्यावर त्याची गाडी कुठं अडली ते कळतं. मीटिंगमध्ये सेक्रेटरी तिला हळू बोलायची विनंती करतात आणि ती तेवढ्याच मोठ्यानं "बरं" म्हणते. मला स्वतःला कलकलाट सोसत नाही. माझा जन्म दिल्लीत व्यापार खात्यात साहेबांच्या मागे बसून लघुलिपीत टिपणं घेण्यात गेला. आमच्याकडे जो मोठ्यानं बोलला त्याची बदली झाली. तरीही आज मी या बाईच्या आवाजाबद्दल लिहायला बसलोय, कारण तो आवाज कुठून आला आणि कुठवर पोचला ते मी पाहिलंय.

तिचे वडील हौसेराव. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. साताऱ्याकडून आले आणि वाशीच्या फळबाजारात माथाडी झाले. आंब्याच्या पेट्या वाहून त्यांनी घर उभं केलं, मुलीला शिकवलं. त्यांच्या खांद्यावर कायम एक जाडाभरडा सुती रुमाल असायचा आणि त्या रुमालाला बाजारात फार मागणी असायची. कारण तिथं आंब्याचा सौदा तोंडानं होत नसे. विकणारा आणि घेणारा हातात हात द्यायचे, वर रुमाल टाकायचे आणि आतल्या आत बोटं दाबून भाव ठरवायचे. भोवती गर्दी असली तरी कुणाला पत्ता लागायचा नाही. तुम्हाला काय मिळालं ते शेजारच्या गाळ्याला कळत नसे आणि त्याला काय मिळालं ते तुम्हाला. आजही काही जण असाच सौदा करतात. कुणाकडे रुमाल नसला की तो आप्पांचा मागून घ्यायचा.

"परत मिळायचा तवा वला असायचा," आप्पा सांगतात. "आन् वला कुठल्या अंगाला? इकणाऱ्याच्या. ज्याला नड, त्याच्या हाताला घाम."

उज्वला आधी दुसऱ्याच्या गाळ्यावर निर्यातीचा आंबा निवडायला जायची. नवरा आजारपणात गेला आणि तिनं हिंमत करून स्वतःचा लहानसा गाळा घेतला. पण माल घ्यायला उभी राहिली तेव्हा पंचाईत झाली. परक्या बाईचा हात रुमालाखाली धरायला एकही पुरुष तयार होईना. लोक म्हणाले, बापाला पुढं कर. आप्पांना ते चाललं असतं, हिला चाललं नाही. ती पेट्यांसमोर उभी राहिली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा भाव बोलली. बाजार पोट धरून हसला. हसून झाल्यावर एका बागायतदारानं तिला माल दिला, मग दुसऱ्यानं. सगळ्यांदेखत बोललेला शब्द फिरवता येत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. आवाज मोठा झाला तो तेव्हापासून.

मी निवृत्त होऊन नेरूळला आलो, त्या पहिल्याच उन्हाळ्यात तिनं मला जिन्यात गाठलं.

"काका, घरी बसून काय करता?"

असल्या प्रश्नाला शहाण्या माणसानं उत्तर देऊ नये. मी दिलं. तेव्हापासून हंगामात मी तिच्या गाळ्यावर परदेशी जाणाऱ्या आंब्याचा इंग्रजी पत्रव्यवहार करायला जातो. मोबदला म्हणून आंब्याची पेटी मिळते, तीसुद्धा निवडीत नापास झालेल्या आंब्यांची. सालीवर डाग असतो, एवढंच. नापास मीही बऱ्याच ठिकाणी झालोय, त्यामुळे आमचं जमतं.

अमेरिकेला आंबा पाठवणं हे काय प्रकरण आहे, ते मला तिथं कळलं. फळ कसं धुवायचं, कसल्या खोक्यात भरायचं, कीड मरावी म्हणून किरणांखालून कसं काढायचं, सगळ्या अटी त्यांच्या. तपासायला निरीक्षक त्यांचा आणि त्याचा खर्च आपल्या माथी. आपण कधी त्यांच्या सफरचंदांसाठी अशी माणसं पाठवून त्यांच्याकडून हॉटेलचं बिल घेतलंय, असं निदान मी तरी ऐकलं नाही. लग्नातला वरपक्ष एकदाच येतो, हा दर वर्षी येतो.

त्यात दोन हजार पंचवीसच्या एप्रिलमध्ये, ऐन हंगामात, अमेरिकेनं जगभरच्या मालावर कर चढवला. वाटाघाटी चालू आहेत, असं बातम्यांत रोज येत होतं. कोण कुणाला भेटलं ते कळायचं, काय बोलले ते कळायचं नाही. आंबा काही वाटाघाटींसाठी थांबत नाही, तो पिकतो.

आमच्या गल्लीतल्या छोट्या निर्यातदारांचा बहुतेक माल न्यू जर्सीतला एकच माणूस घ्यायचा. केयूरभाई. मूळ आपल्याकडचाच, बोलायला गोड. त्याचा फोन आला.

"उज्वलाबेन, टॅक्स का बोजा आपको उठाना पडेगा. पूरा. मैं क्या करूं? बाकी सब मान गये. प्रसादने भी हां बोल दिया."

प्रसाद म्हणजे शेजारच्या गाळ्याचा मालक. देवगडकडचं घराणं, आजोबांपासून आंब्याचा धंदा, आमच्या गल्लीत सगळ्यात जास्त माल त्याचा. प्रसाद हो म्हणाला म्हटल्यावर बोलणंच खुंटलं. उज्वला फोन ठेवून पेट्यांकडे बघत बसली. समोर मुक्ताबाई आणि सारसोळे गावातल्या तिच्या कोळी सोबतिणी आंबे निवडत होत्या. खाडीत मासळी उरली नाही तेव्हापासून या बायका इथं येतात. मुक्ताबाई तर गाळा उघडला त्या दिवसापासून आहे. पूर्ण कर सोसायचा तर या बायकांना घरी बसवावं लागणार होतं, आणि त्या बसल्या की आज ना उद्या गाळाही बसणार होता. उज्वला हे मला सांगताना हळू बोलत होती. त्यामुळेच मी घाबरलो.

काहीतरी बोलायचं म्हणून मी तिला माझी एक जुनी हकीकत सांगितली. साहेबांबरोबर मी एका व्यापार परिषदेला परदेशी गेलो होतो. मोठे देश एका बंद खोलीत बसले होते आणि छोट्या देशांची माणसं बाहेर कागदी कपातली कॉफी पीत ताटकळत होती. मोठ्यांबरोबर वकिलांची पलटण आणि एका बिचाऱ्या बेटाचा प्रतिनिधी एकटाच, एकाच वेळी दोन बैठकांना बोलावलेला. त्याला बाजूला घेऊन सांगण्यात आलं, तुमच्या शेजाऱ्यानं मान्य केलंय, आता तुम्हीच तेवढे अडवताय. मग शेजाऱ्याला बाजूला घेऊन हेच सांगण्यात आलं. दोघं एकाच बाकावर बसले होते. संध्याकाळपर्यंत दोघांनीही सह्या केल्या.

"बाकावर बसल्या बसल्या एकमेकांना विचारलं का नाही?" उज्वलानं विचारलं.

"तसं विचारायची पद्धत नसते."

"पद्धत!" ती म्हणाली आणि उठली. आवाज परत आला होता.

ती तडक गल्लीत गेली आणि प्रसादच्या गाळ्यासमोर उभी राहिली. "प्रसाद! केयूरभाईला तू हो बोललास काय?"

हमाल थांबले. प्रसाद लाल झाला. "ताई, धंद्याची बात अशी रोडवर नाय करायची. आत या, प्लीज."

"मी इथंच बरी. हो बोललास का नाही?"

"नाय बोललो!" प्रसादही आता ओरडला. "तुमी हो बोललात, असं तो बोलला मला. दोन दिवस झोप नाय. टेन्शन काय तुमालाच हाय?"

मला आधी हसू आलं आणि लगेच संताप. सातासमुद्रापलीकडे बसून एक माणूस या दोघांना खेळवत होता. त्याला कसली अक्कलही लढवावी लागली नव्हती. हे लोक एकमेकांना भाव सांगत नाहीत हे त्याला ठाऊक होतं, बस.

उज्वलानं दुपारीच सगळ्या निर्यातदारांना गाळ्यावर बोलावलं. म्हणाली, आज संध्याकाळी केयूरभाईचा फोन येईल, तेव्हा सगळे इथं बसा. कुणी तयार होईना. त्यांचं भय खोटं नव्हतं. एकदा सगळ्यांसमोर बोलणं झालं की कोण कशानं विकतो ते शेजाऱ्याला कळणार आणि उद्या तोच शेजारी गिऱ्हाईक पळवणार. आजोबांनी जे रुमालाखाली झाकलं ते नातवानं चव्हाट्यावर कसं मांडायचं?

कोपऱ्यात आप्पा बसले होते. या मंडळींच्या बापजाद्यांच्या पेट्या त्यांनी वाहिल्या होत्या.

"तुमी समदे एकमेकापास्नं लपिवताय," ते म्हणाले, "आन् त्यो तिकडं बसून समद्यांचे हात धरतोय. त्याचा रुमाल कोरडा हाय, गड्यांनो. घाम तुमालाच फुटलाय."

मंडळी उठून आपापल्या गाळ्यावर गेली. पण संध्याकाळी, तिकडे सकाळ होण्याच्या सुमाराला, एकेक जण आला आणि उलट्या पेटीवर बसला. प्रसाद सगळ्यात शेवटी आला. आप्पांनी मधल्या पेटीवर आपला रुमाल अंथरला, फोन घसरू नये म्हणून. फोन वाजला आणि उज्वलानं स्पीकर लावला.

"बेन, क्या सोचा? प्रसादने आज फिर कन्फर्म किया. सिर्फ आप बाकी हो."

सगळ्यांनी प्रसादकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं.

"प्रसाद, तू आज कन्फर्म केलंस?" उज्वलानं विचारलं.

"मैने कब किया, केयूरभाई?" प्रसाद म्हणाला.

मग उज्वलानं गाळ्यात बसलेल्या प्रत्येकाचं नाव मोठ्यानं घेतलं आणि प्रत्येकानं हजेरी दिल्यासारखं "हां, केयूरभाई" म्हटलं. मला माझी परिषद आठवली. तिथल्या बाकावर अशी एक बाई असायला हवी होती.

"केयूरभाई, टॅक्स तुमच्या सरकारने लगाया," उज्वला म्हणाली. "हमने नहीं. आधा तुम उठाव, आधा हम. ये सबका एकही जवाब है."

"बेन, मेरे को भी समझो. स्टोअरवाले मेरा गला पकडते हैं. मेक्सिको का आम सस्ता पडता है."

"तो मेक्सिको का ले लो."

फोन कट झाला. कुणीतरी कपाळाला हात लावला. मीही लावला असता, पण उज्वला माझ्याकडे बघत होती. "काका, खरं सांगा, जास्त बोलले का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "जास्त बोललीस, पण मागे घेऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोकणातून गाड्या आल्या. गाळ्यात आंब्याचा वास कोंदला होता आणि त्यानं प्रत्येकाचा जीव टांगणीला लागला होता. कुणी उघड म्हणत नव्हतं, पण सगळ्यांची नजर प्रसादच्या गाळ्याकडे. सगळ्यात जास्त माल त्याचाच पडून होता. फुटला तर तोच फुटणार, आणि तो फुटला की बाकीचे संपले. केयूरभाईलाही हे कळत असणारच.

मी ईमेल उघडून बसलो होतो, तेवढ्यात प्रसाद पळत गाळ्यात शिरला. हातात फोन, वाजत असलेला.

"ताई, केयूरभाईचा आहे. मला एकट्यालाच केलाय. उचलू?"

"थांब. सगळ्यांना येऊ दे."

"कट होईल ना!"

"होऊ दे."

तिनं गल्लीच्या तोंडाशी जाऊन हाका मारल्या. त्या हाका धान्यबाजारापर्यंत गेल्या असतील. माणसं जमेपर्यंत फोन वाजून वाजून थांबला. प्रसादनं तो दोन्ही हातांत धरला होता आणि त्याला दरदरून घाम फुटला होता. आप्पांनी खांद्यावरचा रुमाल काढून त्याच्या हातात दिला. मग पेटीवरचा उज्वलाचा फोन वाजला.

"सब बैठे हैं ना?" केयूरभाईनं विचारलं. आवाजात गोडी नव्हती, थकवा होता. "ठीक है. आधा-आधा. लेकिन माल एक नंबर चाहिये."

हा काही विजयाचा पोवाडा नाही. अर्धा कर आपल्याच माथी बसला आणि तो लावताना आपल्याला कुणी विचारलं नव्हतं. पुढे महिन्याभरात एकानं गुपचूप कमी भावात माल दिलाच. नाव लिहीत नाही, त्याला कळेल. पण त्या सकाळी मोठमोठी माणसं पोरांसारखी एकमेकांच्या पाठीत धपाटे घालत होती आणि प्रसाद माझ्यासारख्या रुक्ष माणसाच्या गळ्यात पडला.

मुक्ताबाई आंबे निवडायची थांबली नव्हती. हिंदी तिला कळत होतं, पण या गलक्यात शेवटी काय ठरलं ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती हातातला आंबा पेटीत ठेवून उठली आणि उज्वलासमोर येऊन उभी राहिली.

"मंग उद्या येवाचा ना आमी?"

उज्वलानं बोलायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. डोळे भरून आले होते. तिनं नुसती मान हलवली. बाकीच्या बायका मागून माना उंच करून बघत होत्या, त्यांना काहीच कळलं नाही.

"अशी मान काय हलवतंस? मोट्यानं बोल गो बाय," मुक्ताबाई म्हणाली. "सगल्यांना आयकू दे."

उज्वलानं पदरानं तोंड पुसलं.

"या!" ती म्हणाली. "उद्या सगळ्याजणी या!"