पोटावरची पिशवी आणि शाळेची खिचडी

आधी माझी चूक सांगते, मग चांगुणाचं. आपली चूक झाकून दुसऱ्याचं कौतुक करायला मला जमत न्हाई.

मी सिंधु. चांगुणा माझी धाकटी जाऊ. चाकूरपासून दोन कोसावर आमचं गाव. गावात कोणाचं पोट दुखलं की मला बोलावणं यायचं. बेंबी सरकली म्हणायचे. मी बेंबीवर कणकीचा दिवा लावायची, वर तांब्या पालथा घालायची, तांब्या पोटाला गच्च चिकटला की बेंबी जागेवर आली म्हणायचं, मग तेल लावून चोळायचं. तीस वर्षं केलं. लोकांना उतार पडायचा, का पडायचा ते मला आजही ठाऊक न्हाई.

चांगुणाला शौचातून रक्त पडायला लागलं, तव्हा तिनं मला एकटीला सांगितलं. म्या म्हणलं मूळव्याध हाय, ताक पी, तिखट सोड. बिचारी सहा महिने ताक पीत राहिली. मग गेल्या सालच्या उन्हाळ्यात तिचं पोट फुगलं. तीन दिवस शौचाला न्हाई, वारा सरेना, घोटभर पाणी पिलं की उलटी. आन म्या शहाणीनं काय केलं? तांब्या लावला. चारदा लावला. चौथ्या बारीला तिनं माझा हात धरला आन म्हणली, "आक्का, बास. ही बेंबी न्हाई." तिचा पोरगा अश्वजित उदगीरच्या एसटी डेपोत कंडक्टर हाय, त्यानं फोनवरूनच १०८ गाडी बोलावली.

लातूरच्या मोठ्या दवाखान्यात मुग्धा मॅडम म्हणून तरणी डॉक्टरीण होती. तिनं पोटाला हात लावला, फोटो काढला आन तासाभरात आत घेतलं. ऑपरेशन करून बाहेर आल्यावर मला सांगितलं, शौचाच्या वाटेवर गाठ आहे, वाट बुजली होती, आतडं फुटायच्या बेतात होतं, सध्या पोटावरून तात्पुरती वाट काढून दिलीय, गाठ नंतर काढू. मग विचारलं, पोट कुणी चोळलं होतं का? म्या हाव म्हणलं. ती रागावली न्हाई, नुस्ती बघत राहिली. चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

गाठ कॅन्सरची निघाली. मग लाईटचे शेक झाले, गोळ्या झाल्या, त्या गोळ्यांनी चांगुणाच्या हातापायाची कातडी सोलून निघाली. दिवाळीच्या तोंडाला दुसरं ऑपरेशन, पाच तासांचं. गाठ काढली, पण जुनी वाट कायमची शिवून टाकावी लागली. पोटाच्या डाव्या अंगाला आतड्याचं तोंड बाहेर काढलंय, त्यावर पिशवी चिकटवायची, तिच्यात समदं येतं. जन्मभर. मॅडमनी तिला पिशवी काढायला, धुवायला, बदलायला शिकवलं, आन म्हणाल्या पाच वर्षं तपासणी चुकवायची नाही. चांगुणानं पहिलं विचारलं ते एवढंच, की मी शाळेत खिचडी करू शकते का. मॅडम म्हणाल्या, का नाही?

आता ही शाळेची गोष्ट तुम्हाला सांगायला पायजे. चांगुणा जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांचं जेवण शिजवते. चौदा वर्षं झाली. पहिल्यांदा लागली तव्हा गावातली निम्मी पोरं ताट घेईनात. घरून भाकरी बांधून आणायची. का, ते सांगायला नको, आम्ही बौद्ध वस्तीतल्या बाया. चांगुणा कोणाला एक शब्द बोलली न्हाई. फोडणी अशी द्यायची की वास पार वर्गात जायचा. पोरंच ती, किती दिवस तोंड बांधून बसतील? दसऱ्यापर्यंत समदी पंगतीत आली. नवरा गेल्यावर तिनं त्याच कामावर अश्वजितला शिकवलं. तिला कोणी विचारलं तू कोण, तर ती म्हणायची, शाळेतली चांगुणा.

दवाखान्यातून घरी आली तर गावात आधीच बोभाटा. चाकू लागला की कॅन्सर पसरतो, सहा महिन्यांत जाईल म्हणे. बाया येऊन डोळ्याला पदर लावून बसायच्या. चांगुणा त्यांच्यापुढं सूप सरकवायची आन म्हणायची, रडून झालं असंल तर हा लसूण सोला. मला मात्र कोणी म्हणलं की सिंधुआक्कानंच चोळून बरी केली असती, उगी फाडली, तर माझं टाळकं फिरायचं. म्या तोंडावर सांगितलं, माझ्या चोळण्यानं ती मेली असती, आता माझ्या दारात तांब्या घेऊन कोणी येऊ नका.

औंदा जूनला शाळा उघडली. चांगुणा डॉक्टरचं पत्र घेऊन हेडसरांकडं गेली. पत्रात साफ लिहिलं होतं की स्वयंपाकाला हरकत नाही. सरांनी वाचलं, घडी घातली आन म्हणाले, शाळा समितीची बैठक घेऊ. वर्षभर चांगुणाच्या जागी शेगडीवर समितीचे अध्यक्ष बसलिंगप्पा यांची भावजय होती, हे आख्ख्या गावाला माहीत.

बैठकीला मी पण गेले. समितीत नव्हते तरी दारात बसले, बघू कोण उठवतं ते. बसलिंगप्पा गोडगोड बोलत राहिले. चांगुणाबाईची तब्येत नाजूक, तिनं आराम करावा, पालकांच्या मनाचा विचार करावा. मग आमच्याच वस्तीतली एक सदस्य बाई तोंडाला पदर लावून म्हणली, पोटाला ती तसली घाण बांधून पोरांचं अन्न कसं शिजवणार? बसलिंगप्पांचं बोलणं अंगावरून गेलं होतं, पण हे लागलं. जिच्या आजीला विहिरीला शिवू दिलं न्हाई, त्या आपल्याच बाईनं हे बोलावं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं.

चांगुणा उठली. ओरडली न्हाई. चुलीपाशी बोलावं तसं बोलली.

"तुमच्या समद्यांच्या पोटात बी हेच हाय. तुमचं आत हाय, माझं बाहेर हाय. मी दिसातून चारदा साबणानं हात धुते, कारण मला मॅडमनी शिकवलंय. तुम्ही किती बारी धुता?"

बसलिंगप्पा म्हणाले, बाई, वाद नको, तुम्ही आपण होऊन राजीनामा द्या, तुमची इज्जत राहील.

चांगुणानं सरांच्या टेबलावरचा कोरा कागद ओढला आन अध्यक्षांपुढं ठेवला, वर पेन ठेवला. म्हणली, "राजीनामा मी देणार न्हाई. तुम्ही मला काढा. पण कारण लिहा. पोटावर पिशवी हाय म्हणून काढलं, असं लिहा आन खाली समद्यांनी सह्या करा. मग मी जाते."

अध्यक्षांनी कागद सरांकडं सरकवला. सर म्हणाले, माझा अधिकार नाही, समितीचा आहे. कागद दुसऱ्या सदस्याकडं गेला, त्यानं चष्मा घरी राहिल्याचं सांगितलं. तिसरा म्हणला आधी अध्यक्षांची सही होऊ द्या. ती आमची बाई तर कागदाकडं बघेचना. असा आख्खी बैठक फिरून कागद परत बसलिंगप्पांपुढं आला. त्यांनी पेन उचलला, टोपण काढलं, परत लावलं. तोंडानं बोलायला समदे मर्द, पण लिहून द्यायची कोणाची छाती होईना.

चांगुणानं कोरा कागद उचलला आन सरांच्या टेबलावर जागच्या जागी ठेवला.

"सर, उद्याचा पट किती?"

सरांनी बसलिंगप्पांकडं पाहिलं. बसलिंगप्पा खिडकीतून बाहेर बघत होते.

"त्रेसष्ट," सर म्हणाले.

"मग त्रेसष्ट पोरांचे तांदूळ काढून ठेवा. कोणाचं पोर उपाशी बसलं तर मी त्याच्या बापाच्या घरी जाऊन विचारीन, का म्हणून."

सरांनी ड्रॉवर उघडला आन कोठीची किल्ली तिच्या हातात दिली.