आत्या आणि पोटातली टाचणी

आमची आत्या शिवणकाम करते. टाचण्या ओठांत धरते आणि बोलतेही तशीच. डॉक्टरांनी तिला रक्तवाढीसाठी लोहाच्या गोळ्या दिल्या. थोड्याच दिवसांत तोंडाला लोखंडाची चव यायला लागली, पोट गच्च झालं, शी काळीकुट्ट.

"मेले! टाचणी गिळली गं मी!" तिने घर डोक्यावर घेतलं. फ्रिजवरचं लोहचुंबक एप्रनवरूनच पोटावर फिरवलं, तर ते खटकन चिकटलं! झालं, आता आपण काही वाचत नाही म्हणून शिलाई मशीन तिने तिथल्या तिथे मला देऊन टाकलं. एप्रनच्या खिशातली कात्री मला नंतर सापडली.

दवाखान्यात हे ऐकून डॉक्टर पोट धरून हसले. "बाई, हे सगळं गोळ्यांमुळे होतं. जेवणानंतर घ्या, पाणी भरपूर प्या."

आत्या फणकारली, "जन्मभर तोंडात टाचण्याच धरल्या, डॉक्टर! मग मला लोखंड कमी पडलंच कसं?"