गंज काढला

पाच-सहा माणसं दर रविवारी एका टेबलाभोवती बसली की किस्से साचायला वेळ लागत नाही. आमच्या वारज्याच्या सोसायटीत पेन्सिल ड्रॉइंगचा ग्रुप आहे. घरातली एक वस्तू आणायची आणि जशीच्या तशी काढायची. बहुतेक किश्शांत तोंडघशी पडलेला माणूस मीच.

*

निवृत्त बँकवाल्या जोशींनी एकदा किसणी काढली. मी कौतुकानं म्हणालो, "हुबेहूब! फोटोच वाटतोय."

जोशींनी चष्मा पुसला. "फोटोच हवा असता, तर अकरा रविवार कशाला घालवले असते?"

तेव्हापासून 'हुबेहूब' बंद.

*

मग चुका दाखवायला लागलो. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या रेवानं स्टीलचा डाव काढला होता. मी निरखून म्हणालो, मधला काळा डाग तेवढा पुस.

"काका, ते रिफ्लेक्शन आहे. समोर तुम्हीच बसला होतात."

*

वानखडे काकू अमरावतीहून मुलाकडे राहायला आलेल्या. पहिल्याच रविवारी म्हणाल्या, "मी गंज काढला."

मी विचारलं, "ग्रिलचा की गेटचा?" सगळे हसले.

काकूंनी वही उघडली. आत अॅल्युमिनियमचं अर्धवट पातेलं होतं, तरी असं की कडेवरून हात फिरवावा. त्यांच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात. सुनेच्या इंडक्शनवर तो चालत नव्हता, म्हणून भंगारात जायच्या आधी त्यांना तो काढून ठेवायचा होता. मला फार लाज वाटली.

*

त्या चुकीची भरपाई म्हणून मी काकूंना मदत करायचं ठरवलं. आमच्यात एकमेकांच्या चित्रावर खोडरबर चालवायची पद्धत आहे. तीन-चार रविवारांनी चित्र पुरं झालं, तेव्हा काकू चहा आणायला गेल्या होत्या. गंजाची डावी कड आत गेलेली दिसली. मी खोडून गोलाई नीट केली, शेडिंगही जुळवलं. जोशींनीसुद्धा मान डोलावली.

काकूंनी येऊन त्या कडेवर बोट ठेवलं. तिथे पोचा होता, म्हणाल्या. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हातून गंज पडला होता, तेव्हाचा.

मी घाईघाईनं म्हणालो, पुढच्या रविवारी गंज घेऊन या, बघून पुन्हा काढू. तो परवाच भंगारात गेला होता.

मी पेन्सिल उचलली. "सांगा, पोचा नेमका कुठे होता?"

"राहू द्या भाऊ," काकू म्हणाल्या. "आता हा कोणाचाही गंज आहे."